नव्या नौकेचे डिझेल इंजिन का अडखळते?
दोष इंजिनात शोधण्याआधी टाकीपासूनची वाट तपासणे हिताचे

पावसाळी मासेमारीबंदीचा १ जून ते ३१ जुलै हा काळ म्हणजे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील नौकांच्या डागडुजीचा काळ. याच दिवसांत अनेक नव्या नौकांची बांधणीही पूर्णत्वास जाते. बंदी उठते, नव्या नौकेची पूजा होते, नारळ वाढविला जातो आणि तांडेल खलाशांसह नौका पाण्यात लोटतो. बंदरात झकास चालणारे नवे कोरे इंजिन खाडीच्या मुखाशी पोहोचताच अडखळू लागते, त्याचे फेरे कमी-जास्त होतात आणि काही क्षणांत ते मुकाट्याने बंद पडते. ऑगस्टमधला समुद्र अद्याप पुरता निवळलेला नसतो. कोकणातील अनेक खाड्यांच्या मुखाशी वाळूचे पट्टे असतात आणि तेथे लाटा फुटतात. अशा ठिकाणी इंजिनविना नौका आडवी होणे म्हणजे थेट जिवाशी गाठ.

अशा वेळी संशयाची सुई सर्वप्रथम इंजिनाकडे वळते. मिस्त्री बोलावला जातो, नोझल उतरविले जातात, इंजेक्शन पंप खोलला जातो. खर्च होतो, पंपाचे सील तुटल्याने हमीवर पाणी सोडावे लागते आणि दोष मात्र जागच्या जागीच राहतो. नव्या नौकेत इंजिन कारखान्यातून तपासून आलेले असते. टाकी, नळ्या, जोड आणि गाळण्या मात्र नौका बांधतानाच बसविल्या जातात. म्हणूनच इंधनपुरवठ्यातील दोषाचा शोध टाकीपासून सुरू करून क्रमाने इंजिनाकडे जाणे, हाच शहाणपणाचा मार्ग होय.

इंधनाचा प्रवास

डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनाप्रमाणे ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा दाबली जाऊन इतकी तापते, की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. हवा आणि योग्य दाबाचे स्वच्छ डिझेल वेळेवर मिळत राहिले, तर असे इंजिन सहसा बंद पडत नाही.

टाकीतील डिझेल प्रथम पाणी वेगळे करणाऱ्या गाळणीत येते. ते ओढण्याचे काम फीड पंप करतो. तेथून दुसऱ्या, अधिक बारीक गाळणीतून ते इंजेक्शन पंपात जाते. हा पंप त्यावर प्रचंड दाब देऊन ते नोझलकडे पाठवितो. उरलेले डिझेल परतीच्या नळीने टाकीत येते. जुन्या पद्धतीच्या इंजिनांत नोझल साधारणतः १५० ते २५० बार दाबाला उघडतो. ‘कॉमन रेल’ पद्धतीच्या आधुनिक इंजिनांत हा दाब १,६०० बारच्याही पुढे जातो. इंजेक्शन पंपाच्या आतील भागांमधील फट अवघी काही मायक्रॉन असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे धुळीचा एक कणही या यंत्रणेचे काय करू शकतो, याची कल्पना येते.

या प्रवासाचे दोन भाग पडतात. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा भाग ओढीचा आणि त्यापुढचा दाबाचा. दाबाच्या भागात जोड सैल असेल तर डिझेल बाहेर ठिबकते आणि दोष डोळ्यांना दिसतो. ओढीच्या भागात मात्र उलट घडते. तेथे डिझेल बाहेर येण्याऐवजी बाहेरची हवा आत ओढली जाते. जोड कोरडा ठणठणीत दिसतो आणि इंजिन मात्र ‘हवा धरते’. शेतावर डिझेल पंप चालविणाऱ्यांनाही हा अनुभव नवा नाही.

नवेपणाचे दोष

नव्या नौकेच्या टाकीत बांधणीचा कचरा राहून जाणे ही नेहमीची बाब आहे. फायबरची पूड, लाकडाचा भुसा, वेल्डिंगची खपली, जोडांना गुंडाळलेल्या टेपचे तुकडे, एखादी चिंधी अशा वस्तू नौका शांत पाण्यात असताना तळाशी बसून राहतात. लाटांवर नौका हेलकावू लागली, की हा गाळ ढवळला जातो आणि ओढनळीच्या तोंडाशी येतो. बंदरात धडधाकट असलेले इंजिन समुद्रात बंद पडते, त्याचे हे एक प्रमुख कारण.

दुसरे कारण टाकीच्या हवानळीचे. जितके डिझेल टाकीतून बाहेर जाते, तितकी हवा आत आली पाहिजे. ही नळी दुमडलेली असेल, तिच्यात रंग गेला असेल किंवा वाहतुकीच्या वेळी लावलेले प्लॅस्टिकचे टोपण तसेच राहिले असेल, तर टाकीत निर्वात स्थिती निर्माण होते आणि पंपाला डिझेल ओढता येत नाही.

याखेरीज ओढनळीला सूक्ष्म तडा असणे, तांब्याचे वायसर जुनेच वापरणे, गाळणीचे रबर नीट न बसणे, गरजेपेक्षा बारीक नळी वापरणे, वळणावर नळी चेपणे, टाकीची चावी अर्धवट उघडी राहणे, इंजिन बंद करण्याची केबल पूर्णपणे मागे न येणे, असे दोष आढळतात. यांतील एकाही दोषासाठी इंजिन खोलावे लागत नाही.

लक्षणे काय सांगतात?

इंजिन सुरू होते, काही मिनिटे चालते, फेरे कमी-जास्त होतात आणि ते बंद पडते, तर ओढीच्या बाजूने हवा शिरत असल्याचा संशय घ्यावा. गाळणीत साठलेल्या डिझेलवर ते तेवढा वेळ चाललेले असते. रात्रभर उभे राहिल्यावर सकाळी सुरू होण्यास त्रास देणे, हेही याच दोषाचे लक्षण. नळीतील डिझेल रात्रीतून टाकीत परत उतरलेले असते.

सावकाश चालताना काहीच तक्रार नाही, परंतु वेग वाढविताच दम कोंडतो, असे असेल तर गाळणी किंवा नळी तुंबलेली असण्याची शक्यता अधिक. बंद पडल्यावर काही वेळाने इंजिन पुन्हा सुरू होत असेल, तर ओढनळीच्या तोंडाशी कचरा अडकतो आणि ओढ थांबताच गळून पडतो, असे समजावे. बराच वेळ चालल्यानंतरच बंद पडत असेल, तर टाकीचे झाकण उघडावे. हवा आत शिरल्याचा ‘फुस्स’ आवाज आला आणि इंजिन पूर्ववत चालू लागले, की हवानळीचा दोष सिद्ध झाला.

धूरही बोलका असतो. डिझेल कमी पडल्यास ताकद घटते, पण काळा धूर सहसा येत नाही. काळा धूर येत असेल, तर हवेची कमतरता किंवा पंख्यावरील अतिरिक्त भार यांचा विचार करावा. इंजिनखोलीचे झाकण उघडताच ताकद परत आली, तर दोष डिझेलचा नसून कोंडलेल्या हवेचा आहे. पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा असू शकतो; डिझेलमध्ये पाणी मिसळले असल्यासही तो दिसतो.

एका कॅनची कसोटी

संशयाचे क्षेत्र निम्म्यावर आणणारी एक साधी कसोटी आहे. नौकेची टाकी बाजूला ठेवून फीड पंपाची ओढ स्वच्छ डिझेलने भरलेल्या कॅनमध्ये थेट सोडावी. परतीची नळीही त्याच कॅनमध्ये सोडावी, अन्यथा तो लवकर रिकामा होईल. कॅन घट्ट बांधावा आणि टाकीच्या तळाच्या पातळीवरच ठेवावा. तो इंजिनापेक्षा उंच ठेवल्यास डिझेल आपोआप उतरते आणि कमजोर फीड पंपाचा दोष झाकला जातो. यानंतर शांत पाण्यात, बंदराजवळच, इंजिन भाराखाली चालवून पाहावे.

इंजिन सुरळीत चालले, तर दोष टाकी आणि फीड पंप यांच्या दरम्यान आहे. तक्रार कायम राहिली, तर फीड पंप, दुसरी गाळणी व इंजेक्शन पंप यांकडे वळावे, किंवा दोष इंधनाचा नाहीच, हे मान्य करावे.

दोष ओढीच्या बाजूला असल्याचे ठरल्यावर फीड पंपाच्या अलीकडे पारदर्शक नळीचा तुकडा तात्पुरता जोडावा. बुडबुडे दिसले, तर हवा शिरते आहे. हाच तुकडा एकेक जोड मागे नेत गेल्यास जेथे बुडबुडे नाहीसे होतात, त्याच्या लगतचा पुढचा जोड दोषी ठरतो. बुडबुडे नसतील, तर ओढ मोजणारा गेज लावावा. वेग वाढविताना काटा वाजवीपेक्षा चढत गेला, तर वाटेत अडथळा आहे. काटा चढतच नसेल आणि डिझेलही पुरेसे येत नसेल, तर फीड पंप दुबळा आहे. पारदर्शक नळी आगीला तोंड देऊ शकत नसल्याने तपासणीनंतर ती काढून टाकणे आवश्यक.

पाणी वेगळे करणाऱ्या गाळणीच्या तळातील द्रव काचेच्या ग्लासात काढून पाहावा. पाणी जड असल्याने तळाशी बसते आणि डिझेल वर तरंगते. दोहोंच्या सीमेवर काळपट, बुळबुळीत थर दिसल्यास टाकीत सूक्ष्मजीवांची वाढ झाली आहे, असे समजावे. तेव्हा केवळ गाळणी बदलून भागत नाही. टाकी उघडून धुवावी लागते.

हवा काढताना

जोड दुरुस्त झाल्यावर यंत्रणेतील हवा काढणे ओघाने आलेच. गाळणी स्वच्छ डिझेलने भरावी, तिच्यावरील स्क्रू सैल करून हातपंप मारावा आणि बुडबुडे थांबून सलग धार आली की स्क्रू आवळावा. त्यानंतर हीच क्रिया इंजेक्शन पंपावर करावी. जुन्या पद्धतीच्या इंजिनात नोझलकडील नट किंचित सैल करून उरलेली हवा काढता येते. कॉमन रेल इंजिनात मात्र उच्च दाबाच्या नळ्यांना हात लावू नये. ते काम प्रशिक्षित तंत्रज्ञाचे आहे.

स्टार्टर एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून अधिक फिरवू नये. ज्या इंजिनांच्या धुरनळीत समुद्राचे पाणी सोडलेले असते, तेथे वारंवार स्टार्टर मारल्यास ते पाणी साचून सिलिंडरमध्ये शिरू शकते. अशा वेळी समुद्रपाण्याची चावी बंद ठेवावी आणि इंजिन सुरू होताच न विसरता उघडावी.

उच्च दाबाची गळती बोटाने शोधण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली, तरी ती गंभीर असते आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे लागते. गळती शोधण्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा.

ताबा घेण्यापूर्वी

नौकेचा ताबा घेण्यापूर्वी टाकी आतून पाहून धुवून घ्यावी. बंदरात दहा मिनिटे इंजिन चालविणे म्हणजे चाचणी नव्हे. किमान तास-दोन तास पूर्ण भाराखाली, शक्य तर हलत्या पाण्यात, नौका चालवून पाहावी. चाचणीनंतर पहिली गाळणी उघडावी. तिच्यात जे सापडेल, तेच टाकीत आणखी आहे, असे गृहीत धरावे. इंजिन केव्हा, किती वेगाला, किती वेळाने अडखळले, याची नोंद वहीत ठेवावी. मिस्त्रीला निम्मे निदान त्या नोंदीतूनच सापडते आणि हमीच्या वादातही तीच उपयोगी पडते.

सुटी गाळणी, वायसर, पाने आणि स्वच्छ डिझेलचा एक कॅन नौकेवर कायम असावा. एवढे करूनही समुद्रात इंजिन बंद पडलेच, तर पाने हाती घेण्यापूर्वी नांगर टाकावा. व्हीएचएफच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवर आणि भारतीय तटरक्षक दलाच्या १५५४ या नि:शुल्क क्रमांकावर मदत मागता येते. इंजिनाची दुरुस्ती त्यानंतरही करता येईल. खडकाकडे वाहत चाललेल्या नौकेला मात्र तेवढी सवड नसते.