गुडघ्याची वाटी

‘अक्कल गुडघ्यात’ असे आपण ज्याला म्हणतो, त्याचा अपमान होतोच. पण गुडघ्याचाही होतो, हे कोणी लक्षात घेत नाही. आम्ही मराठी शिकवणारे. शरीरशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तरी अमरावतीत राहून गुडघ्याचा विचार टाळता येत नाही. वैद्य बंधूंनी १९१४ साली येथे उभारलेल्या हनुमान आखाड्यात, म्हणजे आजच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात, पिढ्यानपिढ्या बैठका मारल्या गेल्या. या मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसारखे देशी खेळ दाखवून आले.

आणि पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, राल्फ ब्रूक या इंग्रज शल्यविशारदाने लिहिले की, मोडलेली वाटी खुशाल काढून टाकावी. तिच्यावाचून गुडघ्याचे काही अडत नाही! हे मत बराच काळ चालले.

सुश्रुतसंहितेने मात्र या हाडाला ‘कपाल’ वर्गात बसवून गुडघ्याला मर्म मानले होते. तेथे इजा झाल्यास माणूस लंगडा होतो, असे ती सांगते.

वाटी मांडीच्या पुढच्या स्नायूंच्या कंडरेत वसलेली असते आणि खालून नडगीच्या हाडाला बांधलेली असते. पाय ताठ असताना ती बरीच मोकळी असते. गुडघा वीस-तीस अंश वाकला की ती मांडीच्या हाडाच्या खोबणीत शिरते आणि मग तिच्यातूनच खाली सरकत जाते. मांडीचे हाड तिरके असल्याने स्नायूंची ओढ तिला बाहेरच्या अंगाला नेऊ पाहते. तिला आवरतात खोबणीचा उंच बाह्य काठ, आतल्या बाजूच्या स्नायूचे खालचे तिरके तंतू आणि एक पातळ अस्थिबंध. पाय जवळजवळ ताठ असताना, खोबणीचा आधार मिळण्यापूर्वी, मुख्य भार या अस्थिबंधावरच असतो. पण त्याचे नीट वर्णन वॉरेन आणि मार्शल यांनी केले ते थेट १९७९ साली.

त्याआधी १९७१ मध्ये कॉफर यांनी वाटीचे खरे काम मोजले होते. ती कंडरेला सांध्यापासून पुढे उचलून धरते, तरफेसारखी. ती काढली, तर पाय पूर्ण ताठ करायला स्नायूंना पंधरा ते तीस टक्के अधिक जोर लावावा लागतो.

मधल्या चौतीस वर्षांत ज्यांच्या वाट्या गेल्या, त्यांनी हा जोर प्रत्येक पायरीवर लावला. उकिडव्याने सरकत निंदण करणारी वऱ्हाडातली बाई ब्रूकसाहेबांच्या डोळ्यांपुढे नसावी.