मराठी शाळेची वर्षअखेर

शाळेला वर्ष असतें, त्या वर्षाला अखेर असते आणि त्या अखेरीस सारीं मुलें एकदमच एक पायरी वर चढतात, ही गोष्ट आज इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, तिलाहि कांहीं इतिहास असेल हें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु महाराष्ट्रांत ही रीत फारशी जुनी नाहीं. पेशवाईच्या अखेरीच्या आणि त्यानंतरच्याहि कितीएक वर्षांच्या पंतोजीच्या शाळेंत असें वर्षच नव्हतें.

ती शाळा एखाद्या सुखवस्तु गृहस्थाच्या पडवींत, नाहीं तर देवळाच्या ओवरींत भरे. मुलगा पांचसहा वर्षांचा झाला कीं चांगला दिवस पाहून त्यास तेथें नेऊन बसवीत, आणि धूळपाटीवर 'ओनामासीधं' गिरवून त्याच्या विद्येस आरंभ होई. त्याच्या शेजारचा मुलगा तेव्हां कदाचित् दिडकी-अडीचकीपर्यंत पोंचलेला असे, आणि त्याच्या पलीकडचा मोडी कागद वाचीत असे. ज्याची त्याची गति निराळी. इयत्ता नाहीं, हजेरीपट नाहीं, परीक्षा नाहीं. पंतोजीचें देणें कांहीं पैशांत, कांहीं शिध्यांत, कांहीं सणावारीं चुकतें होई. दसऱ्यास पाटीवर सरस्वती काढून तिची पूजा होई, तोच काय तो सगळ्या मुलांचा मिळून एक दिवस. शाळा सुटे तीहि अशीच एकेकट्याची. वाण्याच्या मुलास हिशेब येऊं लागला कीं तो दुकानावर जाऊन बसे. कुळकर्ण्याच्या मुलाचें मोडी अक्षर वळणावर आलें कीं तो बापाच्या दप्तराशीं जाई. त्यास कोणी निरोप देत नसे, आणि छडीची व दोरीनें टांगण्याची ज्यास आठवण होती त्याला निरोपाची फारशी हौसहि नसावी. मुलींचा, आणि ज्यांस स्पृश्य मानीत नसत अशा जातींच्या मुलांचा तर तेथें प्रश्नच नव्हता.

अशा व्यवस्थेंत मुलगा शाळेंतून केव्हां जावा हें शाळा ठरवीत नसे. घर ठरवी, किंवा घराला सल्ला देणारे ठरवीत. ज्योतीराव फुले यांचें उदाहरण प्रसिद्ध आहे. माळ्याच्या मुलास लिहिणें-वाचणें कशाला, असें कोणीं तरी त्यांचे वडील गोविंदराव यांच्या मनांत भरविलें आणि मुलास शाळेंतून काढून बागेच्या कामास लाविलें. पुढें गफार बेग मुनशी आणि लिजिट साहेब या शेजाऱ्यांनीं भीड घातली, तेव्हां १८४१ सालीं ज्योतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेंत गेले. मध्यें जी वर्षें गेलीं तीं कोणत्याहि हजेरीपटावर नाहींत.

हा पट इंग्रजी अमलांत आला. १८२२ सालीं मुंबईंत शाळा व शाळेचीं पुस्तकें यांसाठीं मंडळी स्थापन झाली, १८४० सालीं बोर्ड ऑफ एज्युकेशन आलें आणि १८५५ सालीं सरकारचें विद्याखातें निराळें निघालें. मेजर कँडी यांच्या देखरेखीखालीं क्रमिक पुस्तकें तयार झालीं, आणि पुस्तक क्रमिक झालें तशीं मुलेंहि क्रमिक झालीं. पहिलीचें पुस्तक वाचील तो पहिलींतला, दुसरीचें वाचील तो दुसरींतला. जो अद्याप कोणत्याच इयत्तेंत नाहीं तो बिगर-इयत्तेंतला. घरोघरच्या बोलण्यांतली 'बिगरी' ती हीच. त्यानंतर शेतसाऱ्याच्या रुपयामागें एक आणा लोकलफंड बसला. त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे जावयाचा होता, आणि त्या पैशावर खेडोपाडीं शाळा निघूं लागल्या.

शाळा सरकारच्या झाल्यावर त्या तपासणें ओघानेंच आलें, आणि तपासणीबरोबर दिपोटी आले. डेप्युटी इन्स्पेक्टर हा शब्द गांवकऱ्यांच्या जिभेनें लवकरच सोपा करून टाकिला. दिपोटींची स्वारी येणार असली म्हणजे शाळेंत आठवडाभर सणाची धांदल उडे. जमीन सारविली जाई, भिंतींस पांढरी माती लागे, दारावर आंब्याच्या डहाळ्या बांधीत. मुलें धुतलेले सदरे घालून, कपाळीं गंध लावून येत. ज्या मुलास कविता चालीवर म्हणतां येई त्यास पुढें आणि ज्यास भागाकार येत नसे त्यास मागें बसविण्याचें धोरण मास्तरांना कोणी शिकवावें लागत नसे. पाटील, कुळकर्णी आणि चार प्रतिष्ठित मंडळी जाजमावर येऊन बसत. तोंडचे हिशेब होत, नकाशावर नद्या दाखविल्या जात. अखेर पानसुपारी होई आणि हुशार मुलांस पुस्तकें बक्षीस मिळत. गांवानें आपल्या सगळ्या मुलांकडे एके ठिकाणीं बसून पाहावें, असा प्रसंग पंतोजीच्या काळांत क्वचितच येत असेल. येथें मात्र तो दरसाल येऊं लागला. मास्तरांच्या पोटांत मात्र त्या दिवशीं गोळा उठे. कारण चढले किती आणि राहिले किती, यावर दिपोटींचा शेरा आणि त्या शेऱ्यावर मास्तरांची पुढची वाट अवलंबून असे.

या परीक्षेनें मुलांना एक सामाईक दिवस दिला, तसा एक सामाईक उंबरठाहि दिला. मराठी चार इयत्ता झाल्या म्हणजे ज्याच्या घरीं सोय असे तो इंग्रजी पहिलींत जाई आणि त्यासाठीं बहुधा गांव सोडी. ज्याची सोय नसे तो त्याच मराठी शाळेंत पांचवी-सहावी करी. सहावीच्या शेवटीं जी सार्वजनिक परीक्षा असे ती उतरणाऱ्यास मराठी शाळेची मास्तरकी किंवा कचेरींतील कारकुनी मिळण्याचा संभव असे. गरीब घराची सारी भिस्त या एका परीक्षेवर असे. मुलींना तर पुढें जावयास दारच नव्हतें. पुण्यास हुजूरपागेची शाळा निघाली ती १८८४ सालीं.

या उंबरठ्यावर काय घडे याची सर्वांत बोलकी हकीकत धोंडो केशव कर्वे यांची आहे. दापोलीजवळच्या मुरुड गांवीं सोमण मास्तरांच्या हाताखालीं ते सहावीपर्यंत शिकले. परीक्षेस बसावयाचें तर वयास सतरा वर्षें पुरीं झालेलीं असलीं पाहिजेत, असा नियम होता. कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, म्हणून १८७५ सालीं ते परीक्षेस निघाले. परीक्षेचें ठिकाण दूर, दिवस पावसाळ्याचे. समुद्रमार्गानें मुंबईस जावें तर हवेमुळें तो मार्ग बंद होता. उरले होते थोडे दिवस, आणि दुसरें ठिकाण सह्याद्रीच्या पलीकडे सातारा. मुरुडच्या त्या मुलांनीं पायींच निघण्याचें ठरविलें. शंभर मैलांहून अधिक वाट, भर पाऊस आणि मध्यें कुंभार्लीचा घाट; ती चालून मंडळी वेळेवर साताऱ्यास पोंचली.

परीक्षा-कमिटीच्या प्रमुखांपुढें कर्वे उभे राहिले. वयाचा दाखला त्यांच्याजवळ होता. परंतु अंगकाठी लहान, चेहरा पोरसवदा. हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाहीं, असें म्हणून त्यांस परीक्षेस बसूं दिलें नाहीं. दाखल्यापेक्षां डोळ्यांवर विश्वास ठेवणारे अधिकारी नेहमींच चुकतात असें नाहीं, पण या वेळीं ते चुकले, आणि त्या चुकीची किंमत मुलास एक वर्ष आणि परतीची तीच वाट एवढी द्यावी लागली. पुढें कर्व्यांनीं ही परीक्षा कोल्हापूरच्या ठाण्यावरून दिली आणि ते उत्तीर्ण झाले. मास्तरकीवर न थांबतां ते इंग्रजी शिकले, १८८४ सालीं बी. ए. झाले. त्यांच्या हातून पुढें स्त्रीशिक्षणाचें केवढें काम झालें हें सांगावयास नको. पण 'आत्मवृत्ता'सारखें पुस्तक लिहिण्याची वेळ ज्यांच्यावर कधींच आली नाहीं, असे किती मुलगे एका नजरेसरशी सातारच्या किंवा दुसऱ्या ठाण्यावरून परत फिरले असतील, याची नोंद कोण ठेवणार?

त्याच साताऱ्यांत, पंचवीस वर्षांनीं, ७ नोव्हेंबर १९०० रोजीं, सरकारी हायस्कुलाच्या इंग्रजी पहिलींत एका मुलाचें नांव दाखल झालें. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. दार त्यांच्यासाठीं उघडलें खरें. पण आंत बसावयास घरून आणलेलें गोणपाट, आणि तहान लागली तर शिपायानें नळ सोडला तरच पाणी, हें त्यांनींच पुढें लिहून ठेविलें आहे. वरच्या इयत्तेंत जाणें आणि वर्गांत इतरांच्या बरोबरीनें बसणें या दोन गोष्टी विद्याखात्याच्या कागदांत एक असल्या तरी शाळेंत एक नव्हत्या.

फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत नेमक्या याच जागीं बोट ठेविलें होतें. लोकलफंडाचा आणा शेतकरी देतो आणि शाळेचा लाभ दुसऱ्याच्या मुलास होतो, ही त्यांची तक्रार. निदान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचें करावें, ही त्यांची मागणी. बडोद्यास सयाजीरावांनीं १९०६ सालीं तें राज्यभर लागू केलें, कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९१७ सालीं. गोखल्यांचें बिल मात्र १९१२ सालीं कलकत्त्याच्या कौन्सिलांत १३ विरुद्ध ३८ मतांनीं पडलें. त्यानंतर १९२९ सालीं हार्टोग कमिटीनें हिशेब मांडला तो असा: ब्रिटिश हिंदुस्थानांत १९२२-२३ सालीं पहिलींत असलेल्या दर १०० मुलांमागें १९२५-२६ सालीं चौथींत होतीं अवघीं १८. बाकीच्यांपैकीं कांहीं त्याच इयत्तेंत अडून राहिलीं, आणि पुष्कळशीं पंतोजीच्या काळाप्रमाणेंच, निरोपावांचून, गुरांमागें आणि शेतावर गेलीं.

१९३६ सालीं कर्व्यांनीं महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलें. जेथें सरकारची किंवा लोकलबोर्डाची शाळा पोंचली नव्हती अशा खेड्यांत शाळा घालावी, हा त्याचा उद्देश. त्या वेळीं त्यांचें वय अठ्ठ्याहत्तर वर्षांचें होतें. वर्गणीसाठीं ते स्वतः घरोघर हिंडत.