बोंडू, पाऊस आणि ग्राव

मंडळाच्या मागच्या बैठकीत एका सभासदाने विचारलं, "पोर्तुगीज साडेचारशे वर्षं इथे होते, मग त्यांची तांबडी वाईन इथे का रुजली नाही?" प्रश्न बरा होता. एक दुरुस्ती मात्र तिथल्या तिथे केली. साडेचारशे वर्षं तिसवाडीला, बारदेस-साष्टीला त्याहून थोडी कमी. डिचोली त्यांच्याकडे गेली १७८१-८२ च्या सुमारास आणि आमचं पेडणं १७८८ साली. म्हणजे पेडण्याच्या वाट्याला पावणेदोनशेच वर्षं आली.

वाईनचं उत्तर पावसात आहे. पोर्तुगालात दोरू नदीच्या खोऱ्यात एकाच मळ्यात निरनिराळ्या जातींची द्राक्षं लावतात आणि त्यांच्या रसाचं मिश्रण करून तांबडी वाईन होते. उन्हाळा तिथे कोरडा, तोडणी सप्टेंबरात. आपल्याकडे सप्टेंबरात अजून छत्री हातात. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत, द्राक्षघड कुजणारच. नाशिकवाल्यांनी ऑक्टोबरात छाटणी करून हंगामच पुढे ढकलला, पण तिथली हवा वेगळी.

आपल्याकडे ती जागा बोंडूने घेतली. काजू मूळचा ब्राझीलचा. गार्सिया द ओर्ताचा औषधींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला, त्यात काजू नाही. १५७८ साली ख्रिस्तोबाल आकोस्ताने मात्र कोचीतल्या काजूचं वर्णन केलं. यावरून कोणी म्हणेल की दारू गाळण्याची विद्याही काजूबरोबर आली. तसं नाही. ओर्ता माडाच्या सुरेपासून गाळलेल्या दारूबद्दल लिहितो, आणि त्यातला एक तपशील वाचून माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. तो सांगतो की कडक धारेला 'फूल' म्हणतात, आणि मागे उरते त्या हलक्या धारेत थोडं फूल मिसळलं की ती 'ओर्राक'. मिश्रणाची ही कला काजूच्या आधीपासून इथे होती. आपला 'उर्राक' हा त्याच अरबी शब्दाचा वंशज.

बोंडूचा कारभार पाहायला मी सलग काही वर्षं धारगळच्या बाजूला एका भट्टीवर जातो. भट्टीवाला वयाने माझ्याहून थोर, म्हणून मी त्यांना भाऊ म्हणतो. ते मला "इंजिनिअर" म्हणतात, थोडं थट्टेने. पहिल्या दिवशी मी झाडावरचा पिवळाधमक बोंडू तोडला तर म्हणाले, "पडलेलो घेवचो, काडलेलो न्हय!" आपोआप गळलेलं फळच पूर्ण पिकलेलं असतं. ते दगडी कोळंबीत तुडवतात. तुडवून झाल्यावर चोथ्याचा ढीग रचून त्यावर वजन ठेवतात आणि जो रस ठिबकतो तो निरो. तुडवलेला रस मडक्यात आपोआप आंबतो, बाहेरून काही घालत नाहीत. मग भाणात उकळून वाफ थंड झाली की पहिल्या धारेचा उर्राक. उर्राकात आंबवलेला रस मिसळून पुन्हा गाळलं की फेणी. पूर्वी दुसऱ्या धारेला काजुलो म्हणत आणि फेणी तिसऱ्या धारेची. आता तिसरी धार फारशी कोणी काढत नाही. सरपण महाग, माणूस महाग.

कडकपणा मोजतात ग्रावात. हे माप कार्तिये नावाच्या फ्रेंच माणसाचं, अठराव्या शतकातलं. फ्रान्समध्ये ते केव्हाच मागे पडलं, आपल्या भट्ट्यांवर अजून चालू. गंमत अशी की साधं पाणी या मापावर १० दाखवतं. म्हणून १५ ग्रावांचा उर्राक आणि २० ग्रावांची फेणी यातला फरक आकड्यावरून वाटतो त्याहून कितीतरी मोठा. नवखे इथेच फसतात.

दारू म्हटली की सरकार आलंच. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने मिठाबरोबर अबकारीचाही ताळमेळ ब्रिटिश मुलखाशी घालून दिला. करार १८९२ मध्ये संपला, पण पावणीची पद्धत आजही आहे. हंगामाआधी काजूच्या विभागांचा लिलाव होतो, मोहोर पुरता फळायच्या आत बोली लागते. म्हणजे बोली लावणारा पावसावर पैसे लावतो. डिसेंबर-जानेवारीत ढगाळ हवा, अवेळी सर आली की मोहोर काळा पडतो आणि भरलेले पैसे परत मिळत नाहीत. मे अखेरीचा पाऊसही तसाच. बोंडू पाणचट होतो, उर्राक चढत नाही.

मला जास्त चिंता जमिनीची. डिचोलीत शिरगाव, लामगावच्या डोंगरांवर खनिजाने झाडं खाल्ली. २०१२ साली खाणी थांबल्या तरी खणलेल्या डोंगरावर काजू परत आला नाही. पेडण्यात मोप्याच्या पठारावर आता विमानतळ आहे. २००९ साली काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये सरकारने तिला वारसा पेय म्हटलं. विमानतळावर ती सुंदर बाटलीत मिळते, आणि मी दोनदा विकत घेतलीसुद्धा.

यंदा मार्चमध्ये भाऊंकडे गेलो तर भाण पालथं घातलेलं. शेजारच्या काजूचा मालक आता जमीन विकतोय, आणि फेब्रुवारीत धुकं पडलं म्हणून त्यांनी या वर्षी बोलीच लावली नव्हती. मातीची जुनी लवणी त्यांनी मला दाखवली, कडेला चीर गेलेली. डिचोलीच्या कुंभाराकडून वडिलांनी आणली होती म्हणाले. तिची मापं मी घेऊन ठेवली आहेत: तोंडाचा व्यास, पोटाचा घेर, नळीच्या भोकाची जागा. रेखाचित्र तयार आहे, पुढच्या बैठकीला आणतो. भाऊंनाही बोलावलं आहे. हंगाम नाही म्हटल्यावर वेळ आहे त्यांच्याकडे.