लहान गावाचे हास्य आणि बोलीचे स्थान

लंडनच्या पश्चिमेस असलेल्या ईलिंग येथील स्टुडिओने १९४९ साली जे विनोदी चित्रपट प्रकाशात आणले, त्यांत ‘व्हिस्की गॅलोर’ हा अलेक्झांडर मॅकेंड्रिक यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट होता. त्याचे मूळ एका प्रत्यक्ष घटनेत आहे. फेब्रुवारी १९४१ मध्ये स्कॉटलंडच्या एरिस्के बेटाजवळ ‘पॉलिटिशियन’ नावाचे मालवाहू जहाज खडकावर आदळले. त्यावर व्हिस्कीच्या हजारो पेट्या होत्या, आणि युद्धकाळच्या टंचाईने गांजलेल्या बेटकऱ्यांनी त्यांतील बऱ्याच रातोरात लांबविल्या. कॉम्प्टन मॅकेंझी यांनी या प्रसंगावर १९४७ साली कादंबरी लिहिली. चित्रण शेजारच्या बॅरा बेटावर झाले.

या चित्रपटाची मोहिनी बेटकऱ्यांच्या विक्षिप्तपणात आहे, असे सामान्यतः समजले जाते. हे मत अपुरे होय. तेथे हास्यास्पद ठरतो तो कॅप्टन वॅगेट. हा गृहरक्षक दलाचा प्रमुख नियमनिष्ठ असून शिष्टसंमत इंग्रजी बोलणारा आहे. बेटकऱ्यांच्या उच्चारांना किंवा त्यांच्या गेलिक गाण्यांना प्रेक्षक हसत नाही. हसतो तो त्या जगात उपऱ्या ठरलेल्या प्रमाणभाषेला.

हीच कसोटी गोंदिया जिल्ह्यातील विनोदास लावली असता चित्र उलटे दिसते. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा झाडीपट्टीचा भाग आहे. दिवाळीनंतर येथे गावोगाव मंडई भरते, सासुरवाशिणी माहेरी येतात, दिवसा खडी गंमत चालते आणि रात्री नाटक. खडी गंमत व दंडार हे येथील जुने प्रकार. स्त्रीभूमिका पुरुष करीत, संवाद बव्हंशी उत्स्फूर्त असत, आणि राजा असो वा चाकर, दोघांच्या मुखी बोली एकच असे. ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘र’ येणाऱ्या या झाडीबोलीत डोळ्याचा ‘डोरा’ होतो. मंडईतल्या श्रोत्याला त्यात हसण्याजोगे काहीच नव्हते, कारण तोही तसेच बोलत होता.

पुढे रात्रभर चालणारी, गीतांनी भरलेली नाटके आली. वडसा हे नाट्यमंडळ्यांचे केंद्र झाले. नाटकाबरोबर प्रमाण मराठीही रंगमंचावर आली, आणि येथेच बोलीची वाटणी झाली. नायक, नायिका, जमीनदार, न्यायाधीश हे पुस्तकी मराठीत बोलू लागले. झाडीबोली मुख्यतः विनोदी पात्राकडे राहिली. पुण्यामुंबईच्या रंगभूमीने ग्रामीण बोलीला विदूषकाचे काम दिले, याबद्दल विदर्भात तक्रार होत आली आहे. त्याच प्रथेचा स्वीकार बोलीच्या स्वतःच्या घरी झाला, ही गोष्ट मात्र क्वचितच बोलली जाते.

तथापि निष्कर्ष घाईने काढू नये. विनोदी पात्र हे केवळ हसण्याचे साधन नसते. जमीनदाराला तोंडावर खरे सुनावण्याची मुभा त्यालाच असते, आणि ते सुनावणे गावाच्या भाषेत होते. गावातील तात्कालिक घडामोडी, सरपंच, कचेरी, धानाचा भाव हे सारे संहितेबाहेरून त्याच्याच तोंडी येऊ शकते. त्या क्षणी वॅगेट कोण आणि बेटकरी कोण, हे मंडपातील प्रत्येकास समजते. नायकाचे अलंकारिक भाषण तेवढ्यापुरते उपरे ठरते.

झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री प्राप्त झाली. त्यांची ख्याती विनोदी भूमिकांची आहे. शोकाच्या प्रवेशात झाडीबोली बोलणारा नायक मात्र या रंगभूमीवर अद्यापि विरळाच आढळतो.