प्रकाशचिकित्सा, कंडूवरील
त्वचेची चिवट खाज (कंडू) शमविण्यासाठी जंबुपार (दृश्य वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) किरणांचा मोजक्या मात्रेत केलेला उपयोग. त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचाराबद्दल नील्स फिन्सेन यांना १९०३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. कंडूकडे लक्ष बरेच उशिरा वळले. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांना रात्र रात्र झोप न लागू देणारी खाज सुटते. अशा १८ रुग्णांवरील बार्बरा गिलख्रेस्ट व सहकाऱ्यांची तुलना १९७७ मध्ये प्रसिद्ध झाली. मध्यम तरंगलांबीच्या किरणांनी १० पैकी ९ जणांची खाज कमी झाली. दीर्घ तरंगलांबीचे किरण दिलेल्या ८ पैकी दोघांचीच. संख्या लहान असली, तरी फरक बोलका आहे. पुढे ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा अरुंद पट्टा रूढ झाला.

पारोळ्यासारख्या खानदेशातील गावी ऊन मुबलक. पण ते या उपचाराची जागा घेत नाही. उन्हाळ्यात तापमान ४०° से. पलीकडे जाते, घामाने खाज वाढते आणि मात्रा मोजता येत नाही. भारतीय वैद्यकात कोडावर वापरली जाणारी बावची खाजेसाठी लावून उन्हात बसल्यास त्वचेवर फोडही येतात. यंत्रोपचार आठवड्यातून दोन-तीनदा, कित्येक आठवडे घ्यावा लागतो. मजुरी बुडवून शहर गाठणाऱ्यास तो अर्ध्यावर सोडावा लागण्याचा संभव अधिक.