तारा एकाच्या, जाळं दुसऱ्याचं

१९६८ साली अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘आर्पा’ या संशोधन संस्थेने सुमारे १४० कंपन्यांकडे निविदेची कागदपत्रं पाठवली. काम नवंच होतं. देशभरातल्या विद्यापीठांतले वेगवेगळ्या बनावटीचे संगणक टेलिफोनच्या तारांनी एकमेकांना जोडायचे आणि मजकुराची छोटी छोटी पाकिटं करून तो या जाळ्यातून पाठवायचा. संगणकाच्या धंद्यात तेव्हा आयबीएमचा दबदबा होता, पण तिने निविदा भरलीच नाही. शेवटी कंत्राट मिळालं ते मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन, म्हणजेच बीबीएन या कंपनीला.

ही कंपनी मूळची ध्वनिशास्त्राची. एमआयटीतले प्राध्यापक रिचर्ड बोल्ट आणि लिओ बेरानेक यांनी ती १९४८मध्ये सुरू केली. न्यूयॉर्कमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या दालनात आवाज नीट ऐकू यावा, याची आखणी तिनेच केली होती. १९५७मध्ये मानसशास्त्रज्ञ जे. सी. आर. लिकलायडर कंपनीत आले, ते संगणकाचा हट्ट धरूनच. बेरानेक यांनी तो पुरवला. कंपनीच्या पुढच्या वाटचालीतली सर्वांत दूरदर्शी खरेदी म्हणावी ती हीच.

आर्पाचं हे जाळं अणुयुद्धाच्या भीतीतून जन्मलं, असं आजही सर्रास लिहिलं जातं. तसा विचार रँड संस्थेतल्या पॉल बॅरन यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडला होता खरा. पण देशातल्या लांब पल्ल्याच्या तारा हाती असलेल्या एटी अँड टीच्या अभियंत्यांना तो पटला नाही. आर्पाची गरज साधी होती. तिथले अधिकारी बॉब टेलर यांच्या पेंटॅगॉनमधल्या कार्यालयात तीन टर्मिनलं होती. एक सँटा मोनिकाला जोडलेलं, दुसरं बर्कलीला, तिसरं एमआयटीला. प्रत्येकाच्या आज्ञा वेगळ्या आणि एकावरून दुसऱ्याशी बोलायची सोय नाही. ही गैरसोय टेलर यांना खटकली आणि त्यांनी वरिष्ठांकडून पैसे मंजूर करून घेतले.

बीबीएनमधल्या फ्रँक हार्ट यांच्या चमूला संगणक जाळ्याशी जोडणाऱ्या चार यंत्रांसाठी मुदत मिळाली ती १९६९ या एकाच वर्षाची. पहिलं तर आठ-नऊ महिन्यांत हवं होतं. हनीवेलचा डीडीपी-५१६ हा छोटा संगणक निवडला गेला. सैन्यासाठी मजबूत केलेला, करड्या पोलादी कपाटातला, वर उचलण्यासाठी कड्या लावलेला. त्याची स्मृती होती फक्त १२ हजार शब्दांची, प्रत्येक शब्द १६ बिटांचा. विल क्राउदर, डेव्ह वॉल्डन आणि बर्नी कोसेल यांनी एवढ्याशा जागेत पाकिटं फोडणं, वाट शोधणं, चुका पकडणं हे सगळं बसवलं. या यंत्राला ‘इम्प’ म्हणत. आजच्या राउटरचा हा थेट पूर्वज.

पहिला इम्प ३० ऑगस्टला लॉस एंजेलिसच्या यूसीएलएत पोहोचला. २९ ऑक्टोबरच्या रात्री तिथून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या संगणकात ‘लॉगिन’ लिहायचा प्रयत्न झाला. एल आणि ओ पोहोचले, मग पलीकडचा संगणक कोसळला. तासाभराने जोडणी जमली. वर्षअखेर सँटा बार्बरा आणि युटाही जाळ्यात आले.

बीबीएनची करामत खरी दिसते ती देखरेखीत. प्रत्येक इम्प आपली खबर ठरावीक वेळाने केंब्रिजला पाठवायचा. त्यामुळे कॅलिफोर्नियात तार बिघडली, तर बीबीएनचा माणूस पूर्व किनाऱ्यावर बसून टेलिफोन कंपनीला फोन करून सांगायचा. समोरचा कर्मचारी चक्रावून जायचा, कारण त्यांच्या स्वतःच्या माणसांनाही बिघाड ठाऊक नसायचा. १९७१मध्ये याच कंपनीत रे टॉमलिन्सन यांनी ई-मेलच्या पत्त्यात @ हे चिन्ह बसवलं.

इतकं करूनही राउटरचा बाजार बीबीएनच्या हाती राहिला नाही. सरकारी कंत्राटांवर वाढलेल्या या कंपनीला माल बनवून दारोदार विकण्याची सवय नव्हती. तो धंदा नेला १९८४मध्ये सुरू झालेल्या सिस्कोने. संशोधनाचं मोल आणि विक्रीचं कसब एकाच घरात नांदायला हवं होतं, ते इथे नांदलं नाही, याची हळहळ वाटते. १९९७मध्ये जीटीई या टेलिफोन कंपनीने बीबीएन विकत घेतली. पुढे २००९मध्ये तिची मालकी रेथिऑनकडे गेली. १९६८च्या निविदेत तिच्याविरुद्ध अखेरपर्यंत टिकून हरलेली कंपनी रेथिऑनच होती.