इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी

त्वचेला दोन-तीन मिलिमीटरचे छिद्र पाडून, क्ष-किरण, सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनच्या पडद्यावर पाहत शरीराच्या आतील विकारावर थेट उपचार करणारी वैद्यकशाखा. पोट, छाती किंवा कवटी उघडावी लागत नाही. पुष्कळदा जागा बधिर करून आणि थोडे गुंगीचे औषध देऊन भागते. डॉक्टरचा हात रोगापर्यंत पोहोचत नाही, त्याला दिसते ते रोगाचे चित्र. या शाखेचे सामर्थ्य त्या चित्रात आहे आणि तिच्या बऱ्याचशा अडचणींचे मूळही तिथेच आहे. हृदयाच्या धमन्यांची अँजिओप्लास्टी याच घराण्यातली, पण ती हृदयरोगतज्ज्ञांच्या हाती गेली. त्यामुळे अँजिओप्लास्टी घरोघरी ठाऊक झाली आणि तिला जन्म देणारी शाखा रेडिओलॉजी विभागाच्या पाटीआडच राहिली.

इतिहास : साध्या क्ष-किरण चित्रात हाड उठून दिसते, रक्तवाहिनी दिसत नाही. ती दिसावी म्हणून तिच्यात क्ष-किरण अडवणारा द्रव सोडावा लागतो. पोर्तुगालचे एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये या पद्धतीने मेंदूतील धमन्यांची चित्रे घेतली. पण हव्या त्या धमनीपर्यंत नळी नेण्यासाठी एक तर वाहिनी कापून उघडावी लागे, नाही तर नळी आत मावेल एवढी जाड सुई खुपसावी लागे. ही कोंडी स्वीडनचे स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी फोडली. त्यांची १९५३ साली प्रसिद्ध झालेली युक्ती अशी : बारीक सुई धमनीत घालायची, सुईतून लवचिक तार सरकवायची, तार तशीच ठेवून सुई काढून घ्यायची आणि तारेवरून नळी आत ढकलायची. सुईहून जाड नळीही मग सहज आत जाते. आजही जवळपास प्रत्येक प्रक्रियेची सुरुवात याच क्रमाने होते.

तोवर हे सारे निदानापुरते होते. अमेरिकेतील पोर्टलंड येथील चार्ल्स डॉटर यांनी १६ जानेवारी १९६४ रोजी ती हद्द ओलांडली. ८२ वर्षांच्या एका बाईंच्या पायाला गँगरीन होऊ लागले होते. शल्यचिकित्सकांनी पाय कापण्याचा सल्ला दिला होता आणि बाई ऐकायला तयार नव्हत्या. डॉटर आणि त्यांचे सहकारी मेल्विन जडकिन्स यांनी मांडीतील धमनीच्या अरुंद जागेतून तार नेली आणि तिच्यावरून एकाहून एक जाड नळ्या सरकवून वाट रुंद केली. पाऊल गरम झाले, पाय वाचला आणि पुढची वर्षे त्या बाई स्वतःच्या पायांवर चालत राहिल्या. शल्यचिकित्सकांना हा प्रकार फारसा रुचला नाही. एकाने डॉटर यांच्याकडे रुग्ण पाठवताना चिठ्ठीत बजावले होते की चित्र काढा, दुरुस्तीच्या फंदात पडू नका. चित्र काढणाऱ्याने उपचार करावेत की नाही, हा वाद त्या एका चिठ्ठीत पुरता सापडतो.

शाखेला नाव मिळाले ते १९६७ मध्ये, अलेक्झांडर मार्गुलिस यांच्याकडून. आंद्रेआस ग्रुन्टझिग यांनी जाड नळ्यांच्या जागी फुगणारा बलून आणला, १९७४ मध्ये पायाच्या धमनीत आणि १९७७ मध्ये झुरिक येथे हृदयाच्या धमनीत. स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी), महाधमनीतील फुगवट्यासाठीचे आच्छादित स्टेंट आणि धमनीविस्फारात भरायच्या प्लॅटिनमच्या कॉइल ही पुढच्या दोन दशकांची कमाई.

तंत्र : प्रवेश बहुधा जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून होतो. जांघेतली जागा मांडीच्या हाडाच्या गोल डोक्यावर निवडतात, कारण नळी काढल्यावर धमनी त्या हाडावर दाबून धरली की रक्तस्राव थांबतो. छिद्र त्याहून वर गेले तर दाबायला खाली हाड नसते आणि रक्त पोटाच्या मागच्या बाजूला साचत जाते, बाहेरून काही दिसतही नाही. जांघेतून उपचार झालेल्या रुग्णाला काही तास पाय सरळ ठेवून पडून राहायला सांगतात ते याचसाठी.

बंद वाहिनी उघडणे आणि वाहती वाहिनी बंद करणे ही या शाखेची दोन मुख्य कामे. दुसऱ्यातले कसब अधिक नाजूक. रक्तस्रावी धमनी बंद करण्यासाठी कधी कधी वैद्यकीय गोंद वापरतात. हा गोंद रक्त किंवा सलाइन लागताच घट्ट होतो. म्हणून तो सोडण्यापूर्वी नळी ५ टक्के डेक्स्ट्रोजने धुऊन घेतात. गोंदात आयोडीनयुक्त तेल मिसळलेले असते. त्याने गोंद पडद्यावर दिसतो आणि थोडा उशिरा घट्ट होतो. किती तेल मिसळायचे हे धमनीतील प्रवाहाच्या वेगावर ठरते. तेल फार पडले तर गोंद पुढे निसटतो, कमी पडले तर नळीचे टोकच धमनीत चिकटून बसते.

उपयोग : मधुमेही रुग्णांच्या पायातील अरुंद धमन्या आणि डायलिसिसच्या रुग्णांचे आकसलेले फिस्टुला (डायलिसिससाठी जोडलेल्या रक्तवाहिन्या) बलूनने उघडणे हे आपल्याकडचे रोजचे काम. पक्षाघातात मेंदूच्या मोठ्या धमनीतील गुठळी नळीने काढण्याची उपयुक्तता २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनी निर्विवाद ठरवली. निवडक रुग्णांत पक्षाघातानंतर २४ तासांपर्यंतही गुठळी अशी काढता येते.

गर्भाशयातील फायब्रॉइडच्या गाठींवरील उपचाराची सुरुवात मजेशीर आहे. पॅरिसचे जाक रॅव्हिना शस्त्रक्रियेत रक्त कमी जावे म्हणून आधी गर्भाशयाच्या धमन्या बारीक कणांनी बंद करवून घेत. काही स्त्रियांचा त्रास तेवढ्यानेच इतका ओसरला की शस्त्रक्रियेची गरज उरली नाही. ही निरीक्षणे १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली.

यकृताच्या कर्करोगात शरीररचनाच मदतीला येते. निरोगी यकृताला बहुतेक रक्त प्रतिहारी शिरेतून मिळते, गाठ मात्र मुख्यतः धमनीवर पोसली जाते. धमनीतून औषध देऊन ती बंद केली की गाठ उपाशी पडते आणि यकृत तगते. यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा किंवा त्यांच्या पुढची महाशीर तुंबण्याच्या बड-कियारी विकारातही बलून आणि स्टेंट वापरतात; मुंबईच्या केईएम रुग्णालयाला या रुग्णांचा मोठा अनुभव आहे. रक्तवाहिन्यांपलीकडची कामेही बरीच : पू काढणे, अडलेल्या पित्तमार्गात नळी घालून कावीळ उतरवणे, सुईच्या टोकाशी उष्णता निर्माण करून छोट्या गाठी जाळणे.

धोके : आयोडीनयुक्त द्रव दुबळ्या मूत्रपिंडांना बाधू शकतो आणि काहींना त्याची ॲलर्जी असते. लांबलेल्या प्रक्रियेत क्ष-किरणांनी रुग्णाची त्वचा भाजू शकते. डॉक्टर आणि तंत्रज्ञ जड लेड ॲप्रन घालून तासन्‌तास उभे असतात. पाठदुखी हा या व्यवसायाचा ठरलेला आजार. खरा धोका मात्र चित्रात न दिसलेल्या गोष्टीचा. क्षयाने झिजलेल्या फुफ्फुसातून खोकल्यावाटे रक्त येते, तेव्हा श्वासनलिकेच्या धमन्या बारीक कण सोडून बंद करतात आणि अनेकांचा जीव वाचतो. पण क्वचित त्याच धमनीतून मज्जारज्जूला रक्त पुरवणारी केसासारखी फांदी निघते. ती नजरेतून सुटली आणि कण तिच्यात शिरले, तर रुग्णाचे पाय कायमचे लुळे पडू शकतात. म्हणून एकही कण सोडण्यापूर्वी त्या फांदीचा शोध घेतात आणि ती दिसली तर नळी तिच्या पुढे नेतात किंवा प्रक्रियाच थांबवतात. छिद्र लहान म्हणून उपचार किरकोळ, हा नातेवाइकांचा समज धोक्याचा आहे.

भारतातील स्थिती : एमडी रेडिओलॉजीनंतर तीन वर्षांचा डीएम अभ्यासक्रम काही संस्थांत आहे. तज्ज्ञ मुख्यतः मोठ्या शहरांत एकवटले आहेत. फायब्रॉइडसारख्या आजारात काही महिने थांबून शहर गाठता येते. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव किंवा पक्षाघात थांबत नाही, आणि रात्री कॅथलॅब (या प्रक्रियांची क्ष-किरण खोली) चालू असलेले रुग्णालय जवळपास नसेल तर हा पर्याय त्या रुग्णापुरता अस्तित्वातच नसतो.